स्पेन त्यांच्या घड्याळानं: शहरं आणि बेटं जोडून सहल कशी आखावी

स्पेनमध्ये संध्याकाळी सात वाजता जेवायला बसलात तर आजूबाजूला एकही स्पॅनिश माणूस दिसणार नाही. त्या वेळी उघडी असतात ती पर्यटकांसाठी थाटलेली हॉटेलं. बाहेर पदार्थांच्या फोटोंचा फलक, आत गोठवलेला आणि पुन्हा गरम केलेला पिवळा भात. दोन तासांनी त्याच गल्लीत या, आजीपासून नातवंडांपर्यंत सगळं घर रस्त्यावर उतरलेलं असतं. म्हणून तिकिटं आणि हॉटेलं यांच्या आधी आपल्या दिवसाची घडी बदलायची तयारी करा. तिथलं जगणं पाहायचं तर ते ज्या वेळी चालू असतं त्या वेळी तिथे असावं लागतं.

आधी घड्याळ

ही उशिराची सवय आळसातून आलेली नाही. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळं तासभर पुढे नेऊन जर्मनीच्या वेळेशी जुळवली गेली आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. देशाचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला, वेळ मात्र मध्य युरोपची. जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास आणि मावळतो पावणेदहाला. म्हणजे अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशेबानं अगदी वेळेवर जेवत असतो.

दिवस असा लावा. सकाळी आठ-नऊला उभ्या-उभ्या कॉफी आणि टोस्ट. टोस्टवर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ. दहा ते दीड या वेळेत दिवसातलं सर्वांत मोठं ठिकाण पाहून घ्या. दोन ते साडेतीन मुख्य जेवण. त्यानंतर पाचपर्यंत खोलीवर परता. लहान दुकानं दोन ते पाच बंदच असतात आणि दक्षिणेत उन्हाळ्यात या वेळी रस्त्यावर फिरणं तब्येतीला झेपत नाही. साडेपाचनंतर दुसरं ठिकाण, साडेसात-आठला ‘पासेओ’ म्हणजे नुसतं रमतगमत फिरणं आणि नऊनंतर हलकं जेवण. भूक लागते ती सहा वाजता, तेव्हा ‘मेरिएंदा’ची सोय आहेच: कॉफीबरोबर काहीतरी गोड.

पैशांच्या दृष्टीनंही दुपारचं जेवणच मुख्य ठेवा. सोमवार ते शुक्रवार बहुतेक साध्या खाणावळींत ‘मेनू देल दिया’ मिळतो. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, एक पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं मिळून साधारण १३ ते १८ युरो. तेच पदार्थ रात्री सुटे मागवले तर दुप्पट बिल होतं. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेला आणि रोज बदलणारा मेनू शोधा; पाच भाषांत छापलेला असेल तर पुढे चला. जेवण झाल्यावर बिल आपणहून येणार नाही. ताटं उचलल्यावर गप्पा मारत बसण्याला तिथे ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्द आहे आणि न मागता बिल टेकवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा, मग येईल. टीपची सक्ती नाही. चौकातल्या टेबलांवर तीच कॉफी आत काउंटरपेक्षा महाग पडू शकते.

शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ एवढ्यावर थांबू नका. ‘कार्ने’ म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा येतो. भाजीवर भुरभुरलेलं हॅम किंवा सॅलडमधला ट्यूना त्यात मोजला जात नाही. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’, म्हणजे मी मांस, मासे, हॅम खात नाही. सूप आणि भाताच्या बाबतीत ‘काल्दो’ म्हणजे रस्सा कशाचा आहे ते वेगळं विचारा. बिनघोर मागवता येतील असे पदार्थ म्हणजे गास्पाचो हे थंड टोमॅटो सूप, पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या आणि कातालोनियातल्या भाजलेल्या वांगी-ढोबळीची एस्कालिवादा. कोर्दोबाचं दाट, थंड टोमॅटो सूप ‘साल्मोरेखो’ सुरेख असतं, पण त्यावर हॅम आणि उकडलेलं अंडं घालूनच येतं. ‘सिन खामोन’ हे मागवतानाच सांगा. अंडं चालत नसेल तर ‘सिन वेवो’ही. तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, हेही लक्षात ठेवा.

किती ठिकाणं, किती रात्री

१४ रात्री असतील तर चार शहरं आणि एकच बेट. आम्ही अशी विभागणी सुचवू: माद्रिद ३, कोर्दोबा १, सेव्हिया ३, व्हॅलेन्सिया ३, मायोर्का ४. अलहम्ब्रा हा ग्रनाडातला राजवाडे-किल्ल्याचा परिसर पाहायचाच असेल तर व्हॅलेन्सिया गाळून ग्रनाडाला २ रात्री द्या आणि उरलेली एक मायोर्काला. दोन्ही कोंबायला गेलात तर एक अख्खा दिवस बसमध्ये किंवा माद्रिदमार्गे उलटसुलट प्रवासात जातो. बार्सिलोना या यादीत मुद्दाम नाही. ते स्वतंत्र चार दिवसांचं शहर आहे. परतीचं विमान तिथूनच असेल आणि एक दिवस हाताशी असेल तर साग्रादा फामिलिया पाहा. १८८२ मध्ये सुरू झालेल्या या चर्चचं काम पुढच्याच वर्षी वास्तुकार गौदीकडे आलं आणि त्यानं पूर्वेच्या बाजूला थंड, पश्चिमेच्या बाजूला उष्ण रंगांचा उजेड येईल अशी योजना केली. तिकीट ऑनलाइन आणि ठरल्या वेळेचंच असतं, तेव्हा शक्यतो दुपारी उशिराची वेळ घ्या. पश्चिमेच्या काचांतून येणारा लाल-नारिंगी उजेड खांबांवर पसरतो तो तेव्हाच.

ऋतू बेटावरून ठरवा. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर मायोर्का किंवा मेनोर्का. नोव्हेंबर ते मार्च असेल तर कॅनरी बेटं, कारण हिवाळ्यात मेनोर्का आणि इबिझावरची बरीच हॉटेलं कुलूपबंद असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिया, कोर्दोबा टाळाच. ४० अंशांपलीकडचा पारा तिथे नवलाचा नाही आणि ऑगस्टमध्ये घरगुती खाणावळींच्या दारावर ‘सेर्रादो पोर वाकासिओनेस’, म्हणजे सुट्टीसाठी बंद, अशी चिठ्ठी लागते.

आगाऊ घ्यायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. अलहम्ब्राचं तिकीट निदान दोन महिने आधी काढा. त्यावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो आणि आतल्या नासरिद घराण्याच्या राजवाड्यांची वेळ छापलेली असते. ती हुकली तर बागा आणि किल्ला पाहता येतो, राजवाडे नाहीत. मुख्य प्रवेशद्वारापासून राजवाड्यांपर्यंत चालायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि लोक चुकतात ते नेमके इथे. पासपोर्टची मूळ प्रत जवळ ठेवा.

वेगवान रेल्वेवर तीन कंपन्यांच्या गाड्या धावतात: रेन्फे, ऊईगो आणि इर्यो. भाडं विमानासारखं मागणीनुसार चढतं, म्हणून तिघांचे दर ताडून पाहा. माद्रिद ते कोर्दोबा पावणेदोन तास, तिथून सेव्हिया पाऊण तास. एकाच तिकिटावर मध्ये उतरता येत नाही. दोन तुकड्यांची दोन तिकिटं काढावी लागतात. स्टेशनवर सामान स्कॅनरमधून जातं आणि गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी फलाटाचं दार बंद होतं, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. माद्रिदला आतोचा आणि चामार्तिन ही दोन मोठी स्टेशनं शहराच्या दोन टोकांना आहेत. सेव्हियाकडच्या गाड्या आतोचाहून सुटतात, व्हॅलेन्सियाकडच्या बहुतेक चामार्तिनहून.

माद्रिद आणि कोर्दोबा

प्रादो संग्रहालय शेवटचे दोन तास मोफत असतं: सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८, रविवारी ५ ते ७. पण मोठी रांग लागते आणि दोन तासांत घाई होते. पहिल्यांदाच जात असाल तर पैसे भरून सकाळी दहाला जा आणि तीनच गोष्टी ठरवा: वेलास्केसचं १६५६ सालचं ‘लास मेनिनास’, गोयाची राजघराण्याची चित्रं आणि त्याच गोयानं म्हातारपणी स्वतःच्या घराच्या भिंतींवर रंगवलेली १४ ‘काळी चित्रं’. एकाच माणसाचा दरबारापासून अंधारापर्यंतचा प्रवास काही दालनांत दिसतो. ‘लास मेनिनास’समोर आधी दहा पावलं मागे उभे राहा, मग जवळ जा. लांबून झळकणारी राजकन्येच्या बाहीवरची जर जवळून पाहिली तर नुसते ब्रशचे तुटक फटकारे असतात.

पिकासोचं ‘गेर्निका’ रेईना सोफियात आहे. साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. संग्रहालय मंगळवारी बंद. १९३७ मध्ये काढलेलं हे चित्र स्पेनमध्ये लोकशाही परतल्यावर, १९८१ साली, न्यूयॉर्कहून देशात आलं. शेजारच्या दालनांतले त्याचे कच्चे आराखडे आधी पाहिलेत तर घोडा आणि आई कशी बदलत गेली ते कळतं.

रविवार माद्रिदमध्ये येईल असं पाहा. सकाळी एल रास्त्रोचा जुना बाजार तीनपर्यंत चालतो. एक वाजता तिथून ला लातिना भागात उतरलं की लोक हातात वर्मूथचा पेला घेऊन फुटपाथवर उभे असतात. दारू घेत नसाल तर ‘मोस्तो’, म्हणजे द्राक्षाचा रस, मागा. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात आणि फोन टेबलावर कधीच नाही. काही चोरीला गेलंच तर पोलिसांत ‘देनुन्सिया’ नोंदवा, विम्याच्या दाव्याला तो कागद लागतो.

कोर्दोबात रात्र काढायचं कारण एकच: दुसऱ्या दिवसाची सकाळ. तिथली मेस्किता सोमवार ते शनिवार ८.३० ते ९.३० या वेळात मोफत उघडी असते आणि तेव्हा गट आत सोडत नाहीत. आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या मशिदीत ८५०च्या वर खांब उरले आहेत. बरेचसे जुन्या रोमन इमारतींतून काढून आणलेले, म्हणून त्यांची लांबी सारखी नाही. छत उंच न्यायचं होतं आणि खांब आखूड होते, तेव्हा कारागिरांनी कमानीवर कमान चढवली, लाल वीट आणि पांढरा दगड आलटूनपालटून लावून. मधोमध सोळाव्या शतकात चर्च उभारलं गेलं. खांबांच्या रांगेतून चालताना एकाएकी छत उंच होतं आणि उजेड बदलतो, त्या रेषेवर थांबा. स्पेनचा इतिहास तिथे पायाखाली आहे.

सेव्हिया: फ्लामेंको ऐकायचं कसं

फ्लामेंको म्हणजे झालरीचा झगा आणि नाच, एवढी कल्पना घेऊन गेलात तर निम्मं हुकेल. यात पहिला मान गाण्याचा, ‘कान्ते’चा. गिटार आणि नाच गायकाच्या मागोमाग येतात. ठेका समजला तर मैफल समजते आणि आवर्तन, मात्रा हे शब्द कानावरून गेलेल्या माणसाला तो पटकन कळतो. सोलेआ हा प्रकार १२ मात्रांचा. टाळी वाजवून १ ते १२ मोजा आणि ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर जोर द्या. पहिले दोन जोर तीन-तीन मात्रांनी, पुढचे दोन-दोन मात्रांनी येतात. त्या बदलातच सगळी ओढ आहे. बुलेरियासमध्ये जोर जवळपास तेच, पण लय पळती आणि मोजणी १२ पासून सुरू. आदल्या रात्री खोलीवर दहा मिनिटं हे मोजून पाहिलं तर दुसऱ्या दिवशी नर्तकीची टाच कुठे पडणार ते आधीच जाणवू लागतं.

जागा निवडताना लहान खोली, ध्वनिवर्धक नसलेली आणि सोबत जेवण नसलेली अशी निवडा. तासाभराच्या कार्यक्रमाला साधारण २५ ते ४० युरो पडतात. ताटांच्या खणखणाटात ‘पाल्मास’, म्हणजे टाळ्यांचा ठेका, बुडून जातो. समोरच्या मधल्या खुर्चीपेक्षा पहिल्या रांगेची कडेची जागा बरी, कारण तिथून पाय दिसतात. ठेक्यात टाळी वाजवायचा मोह आवरा. एक चुकलेली टाळी कलाकाराला अडखळवते. दाद द्यायची ती कडवं संपताना, आवाज खाली आल्यावर. त्रियाना हा नदीपलीकडचा भाग या कलेचं जुनं घर; तिथे आणि आसपासच्या गावांत ‘पेन्या’ नावाची रसिक मंडळं असतात, त्यांचे कार्यक्रम स्वस्त आणि रात्री उशिरा. सम वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला शहरात बिएनाल महोत्सव भरतो.

सेमाना सांता, म्हणजे ईस्टरपूर्वीचा आठवडा, सेव्हियात पाहायचा असेल तर हॉटेल सहा महिने आधी घ्या आणि चित्रपट पाहायला निघाल्यासारखं निघू नका. मिरवणुका तासन्‌तास चालतात, रस्ते बंद होतात, हॉटेलकडे परत जायला दहा मिनिटांऐवजी दीड तास लागू शकतो. त्या-त्या दिवशीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवा आणि रुंद चौकाऐवजी एखाद्या अरुंद गल्लीचा कोपरा धरा. मूर्तींचा जड ‘पासो’ खांद्या-मानेवर पेलणारे कोस्तालेरो आतून काही पाहू शकत नाहीत. बाहेरचा मुकादम शब्दांनी त्यांना वळवतो. अरुंद वळणावर त्याचा आवाज आणि त्यांच्या पायांची घसर ऐकू येते. एप्रिलची फेरिया, म्हणजे जत्रा, ही याच्या उलट. तिथले बहुतेक मांडव खासगी असतात, ओळख नसेल तर बाहेरूनच पाहावं लागतं. सार्वजनिक मांडव आहेत, ते आधी शोधून ठेवा.

संध्याकाळी तापासला, म्हणजे छोट्या-छोट्या पदार्थांना, बसाल तेव्हा एका जागी एक-दोन पदार्थ घेऊन पुढच्या ठिकाणी जा. सेव्हियात ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागवा. पालक आणि छोले, जिरं आणि तळलेला पाव वाटून दाट केलेले. अरबांच्या काळापासूनची चव त्यात आहे.

व्हॅलेन्सिया: गुरुवार, दुपारी बारा

व्हॅलेन्सियाच्या तीन रात्रींत गुरुवार सापडेल असं पाहा. बरोबर बारा वाजता कॅथीड्रलच्या प्रेषितांच्या दाराबाहेर पाणी-न्यायालय बसतं. काळे डगले घातलेले आठ शेतकरी, त्यांच्याच कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले, गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. कालव्याचा शिपाई एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारतो, ‘क्वार्तच्या कालव्याचे आरोपी!’, थोडं थांबतो आणि पुढचं नाव घेतो. तक्रार असेल तर तिथेच तोंडी सुनावणी आणि तिथेच निकाल. वकील नाही, अपील नाही. अध्यक्ष कुणी बोलायचं ते पायानं खुणावतात. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते आणि सगळं काही मिनिटांत आटोपतं. म्हणून पावणेबाराला जाऊन कठड्याजवळ उभे राहा. बारा वाजून दहा मिनिटांनी आलात तर रिकाम्या खुर्च्या दिसतील. २००९ मध्ये याला युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळालं. कामकाज व्हॅलेन्सियन भाषेत चालतं, शब्द कळले नाहीत तरी चालतं.

हे पाणी जातं कुठे ते पाहायला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवरच्या आल्बुफेरा सरोवराकडे जा. काठावर भातशेती आहे आणि पाएया हा भाताचा पदार्थ जन्मला तो याच मळ्यांत. मूळ पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, ‘गारोफो’ नावाचे मोठे पांढरे वाल, टोमॅटो, केशर आणि कधी गोगलगायी असतात. मासळी नाही, चोरिसो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज तर नाहीच. माणशी साधारण १०० ग्रॅम तांदूळ, पातळ थर, १८ ते २० मिनिटं आणि रस्सा घातल्यावर एकदाही ढवळायचं नाही. ढवळलं की तांदळातली पेज सुटते आणि भात चिकट होतो. शेवटच्या मिनिटाला आच वाढवून तळाशी ‘सोकार्रात’ आणतात, खमंग खरपुडी. ती लोखंडी तव्यावरून चमच्यानं खरवडून खातात आणि घरात तिच्यावरून भांडणं होतात.

मागवण्याचे नियम: फक्त दुपारी, किमान दोन माणसांसाठी, अर्धा तास थांबायची तयारी. पाच मिनिटांत आला तर तो आधीच शिजलेला होता. भाज्यांचा हवा असेल तर ‘आर्रोस दे वेर्दुरास’ आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा आणि रस्साही भाजीचाच असेल ना, हे विचारा. संध्याकाळी ओर्चाता प्या. चुफा नावाच्या कंदाचं गार, दुधासारखं पेय, ज्यात दूध नसतं. सोबत ‘फार्तोन’ हा लांबट गोड पाव बुडवून खातात. मार्चमध्ये गेलात तर १ ते १९ तारखांना दुपारी दोनला महापालिकेच्या चौकात फटाक्यांची ‘मास्क्लेता’ असते. ती पाहायची नव्हे, अंगावर घ्यायची गोष्ट आहे. तोंड थोडं उघडं ठेवा, कानाला बरं पडतं.

पाणी ओलांडून मायोर्काला

व्हॅलेन्सियाहून पाल्माला विमानानं तास लागत नाही. रात्रीची बोट सात-आठ तासांची. बोटीत ‘बुताका’ म्हणजे खुर्ची स्वस्त पडते, पण वातानुकूलन गारठवतं. स्वेटर वरच्या पिशवीत ठेवा किंवा सरळ केबिन घ्या. हॉटेलची एक रात्र वाचते आणि पहाटे बंदरातून कॅथीड्रल उगवताना दिसतं ते वेगळंच.

शहरात पाहायचं असतं माणसांचं वेळापत्रक. बेटावर पाहायचं ते दगड आणि पाणी, कारण जमीन थोडी आणि उताराची होती, तिथे माणसांनी काय केलं हे त्यातच लिहिलेलं आहे. म्हणून पाल्माला एक रात्र आणि डोंगरातल्या सोयेरला तीन.

पाल्माचं कॅथीड्रल रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. २ फेब्रुवारी आणि ११ नोव्हेंबरला सकाळी ऊन पूर्वेच्या गोल काचखिडकीतून येऊन समोरच्या भिंतीवरल्या तशाच खिडकीखाली पडतं आणि रंगांचा इंग्रजी आठ तयार होतो. तारीख जुळत असेल तर आठच्या आधी रांगेत राहा.

सोयेरला १९१२ पासून लाकडी डब्यांची गाडी जाते. २७ किलोमीटर, १३ बोगदे, सुमारे तास. जाताना गाडीनं जा, येताना बसनं. बसचं भाडं गाडीच्या मानानं किरकोळ. सोयेरहून सपाटीनं अर्ध्या तासावर बिनिआराइश हे गाव आहे. ‘बिनि’नं सुरू होणारी अशी गावांची नावं बेटभर आढळतात, मूळ अरबी, अर्थ ‘अमक्याची मुलं’. गावाच्या वरच्या टोकाला धुण्याची जुनी दगडी न्हाणी लागते, तिथून दरीत फरसबंद पायवाट चढते.

इथे सावकाश चला. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची पायरीशेती आहे, खाली चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. भिंत मागे डोंगराकडे किंचित कललेली असते. मोठे दगड दर्शनी बाजूला, आणि त्यांच्यामागे बारीक दगडांचा भराव असतो. पावसाचं पाणी त्या भरावातून झिरपून जातं. सिमेंटची भिंत असती तर पाणी मागे साचून ती पहिल्याच मोठ्या पावसात फुगली असती. वाटेच्या पायऱ्यांत मधूनच आडवी, थोडी उंच दगडांची ओळ दिसते, ती पाणी बाजूच्या चरात वळवायला. असा दगड रचणाऱ्याला ‘मार्जे’ म्हणतात. त्रामुन्ताना डोंगररांगेला २०११ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती या कामासाठी. चढ दोन-अडीच तासांचा, पाणी माणशी दीड लिटर, आणि पाऊस झाला असेल तर जाऊ नका. शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला दगड भयंकर घसरतो.

बुधवार असेल तर पाल्माहून रेल्वेनं सिनेऊला जा. १३०६ पासून तिथे आठवडी बाजार भरतो, जनावरांसकट. दहाच्या आत पोहोचा. एकला आवराआवर सुरू होते. खाण्यात ‘तुम्बेत’ मागवा: बटाटा, वांगं, ढोबळी मिरची थरांत लावून वर टोमॅटोचा रस्सा. एन्साइमादा हा प्रसिद्ध गुंडाळीचा गोड पाव मात्र डुकराच्या चरबीत बनतो, नावच त्या चरबीवरून पडलंय. किनाऱ्यावर तपकिरी पानांचे ढीग दिसले तर नाक मुरडू नका. ते पोसिदोनिया या समुद्री वनस्पतीचे आहेत आणि वाळू वाहून जाण्यापासून तेच वाचवतात.

हिवाळा असेल तर कॅनरी

माद्रिदहून तेनेरिफे विमानानं तीन तासांच्या आतबाहेर. उतरल्यावर घड्याळ एक तास मागे घ्या.  बसला इथे ‘ग्वाग्वा’ म्हणतात. राहायला दक्षिणेचे हॉटेलपट्टे सोडून उत्तरेतलं ला लागुना बरं. तटबंदी नसलेलं, सरळ रस्त्यांचं हे गाव पुढे अमेरिकेतल्या स्पॅनिश शहरांना नमुना ठरलं. तेइदे, ३,७१५ मीटर, स्पेनचं सर्वोच्च शिखर. रज्जुमार्ग ३,५५५ मीटरपर्यंत नेतो. तिथून शिखरावर जायला राष्ट्रीय उद्यानाची आगाऊ परवानगी लागते आणि ती आठवडेच्या आठवडे आधी संपते. वारा वाढला की रज्जुमार्ग बंद, म्हणून हा बेत पहिल्या दिवशीच ठेवा, फसला तर पुढचे दिवस हातात राहतात.

बारक्या बटाट्यांचे ‘पापास आर्रुगादास’ तिथे घरोघरी असतात. एक किलो न सोललेल्या बटाट्यांना पाव किलोपर्यंत मीठ, पाणी जेमतेम बुडेल इतकं. शिजल्यावर पाणी ओतून भांडं पुन्हा मंद आचेवर ठेवून हलवत राहायचं, सालं सुरकुततात आणि मिठाचा पांढरा थर बसतो. सालासकट खायचे, लाल मिरची-लसूण-जिऱ्याच्या ‘मोखो’ चटणीबरोबर. मीठ सालावर राहतं, आत फारसं जात नाही.

लोस क्रिस्तियानोस बंदरातून ला गोमेरा बोटीनं तासाभरावर. खोल दऱ्यांचं हे बेट. समोरच्या कड्यावरच्या माणसाशी बोलायला चालत गेलं तर अर्धा दिवस जातो, म्हणून इथे शिट्टीची भाषा घडली, ‘सिल्बो’. स्पॅनिशचे पाच स्वर दोन शिट्ट्यांत आणि व्यंजनं चार शिट्ट्यांत बसवली आहेत. अर्थ संदर्भानं लागतो. १९९९ पासून ती शाळेत शिकवली जाते. दिवसाच्या सहलीत जेवणाच्या टेबलाशी तिचं प्रात्यक्षिक दाखवतात, तेही चांगलं असतं. पण शेवटची बोट सुटल्यावर सान सेबास्तियान गावात एक रात्र थांबा, बंदरापासून दहा मिनिटं चालत खोल्या मिळतात. सकाळी गाराखोनायच्या लॉरेल जंगलाकडे जाणारी पहिली ग्वाग्वा पकडा. आठवड्यात फेऱ्या थोड्या असतात, म्हणून परतीची वेळ उतरतानाच चालकाला विचारून घ्या. बरोबर रेनकोट हवाच: खाली ऊन असलं तरी वर जंगलात ढग पानांवरून ठिबकत असतात.